राजीनामा आधी की कर्ज आधी? ठाणं सोडून चिपळूणला घर घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ठाण्यात फार्मा कंपनीत क्वालिटीमध्ये सात वर्षं नोकरी, हातात ७८ हजार. आता चिपळूणजवळच्या लोटे एमआयडीसीतल्या कंपनीची ऑफर आलीय, हातात ६२ हजार मिळतील, सहा महिने प्रोबेशन. मिसेस ठाण्यात शाळेत शिकवतात, २४ हजार, ती नोकरी सुटणार. गाडीचा हप्ता ९,४०० चालू आहे. चिपळूणात ३८ लाखाचा फ्लॅट बघून ठेवलाय, आणि दुसरीकडे डोक्यात आहे की गुहागर तालुक्यात वडिलोपार्जित जागा आहे तिथेच घर बांधावं. बँकेचा माणूस म्हणतो ४५ लाख प्री-अप्रूव्हड आहेत, राजीनामा देण्याआधी उचलून टाका. खरंच उचलावं का, हा मुख्य प्रश्न.

मी २३ वर्षं बँकेत कर्ज विभागात होते, त्यातली बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यात, आता बाहेर पडून लोकांच्या फायली तयार करून देते. तर माझं उत्तर आधी सांगते आणि मग कारणं. उचलू नका. आधी नोकरी बदला, भाड्याने रहा, नव्या पगाराच्या तीन स्लिपा हातात येऊ देत आणि त्या तीन महिन्यात जागेचे कागद तपासून घ्या. कोकणात कागदाला तेवढा वेळ लागतोच. लोक पगाराची काळजी करत बसतात आणि कागद शेवटी बघतात, मग सगळंच अडकतं.

आता ते ४५ लाख. हा आकडा तुमच्या जुन्या पगारावरनं आणि मिसेसच्या पगारावरनं कॉम्प्युटरने काढलेला आहे, घर त्याने बघितलेलंच नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की ३० लाखापर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के, यापेक्षा जास्त बँक देऊच शकत नाही. म्हणजे ३८ लाखाच्या फ्लॅटवर फार तर ३० लाख ४० हजार. तेही बँकेच्या व्हॅल्युअरने (घराची किंमत काढणाऱ्याने) ३८ काढली तर, त्याने ३५ काढली तर ३५ धरतात. आणि या किमतीत स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरत नाहीत (घर १० लाखाच्या आतलं असेल तरच धरता येतं, आणि १० लाखात आता काय मिळतं ते आपण जाणतोच).

राजीनाम्याआधी उचला हा सल्ला फुकट मिळतो सगळीकडे. त्यात दोन भानगडी आहेत. एक म्हणजे अर्जावर तुम्ही सही करून देता की नोकरीत काही बदल झाला तर कळवीन. दुसरं, सँक्शन म्हणजे नुसती मंजुरी, पैसे नव्हेत, पैसे सोडायच्या आधी बऱ्याच बँका कंपनीत परत फोन करतात. माझ्याकडे एक जण आले होते, मुंबईत नोकरी, नोटीस पिरियडमध्ये असताना सँक्शन घेतलं, बिल्डरला साडेतीन लाख भरले, आणि डिस्बर्समेंटच्या आधी बँकेने एचआरला फोन लावला तर तिकडून सरळ उत्तर, त्यांचा शेवटचा दिवस पुढच्या शुक्रवारी आहे. फाइल बंद. बिल्डरने टोकनमधले पैसे कापले ते वेगळंच, आणि नव्या नोकरीत स्लिपा जमवून परत अर्ज केला तेव्हा आधीची नामंजुरी त्याच बँकेच्या सिस्टीममध्ये दिसत होती. माणूस लबाड नव्हता हो, कुणीतरी सांगितलं म्हणून केलं.

आणि समजा लपलं, पैसे मिळाले. हप्ता तर नव्या पगारातनंच जायचाय ना.

म्हणून नव्या पगारावर हिशोब करू. मी व्याज ८.५ टक्के धरते, २० वर्षं, म्हणजे लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो, हा आकडा पाठ करून ठेवा, कुठल्याही शाखेत बसून मनात हिशोब करता येतो. बँका ढोबळमानाने हातातल्या पगाराच्या निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून जाऊ देतात, काही बँका थोडं वर जातात. ६२ हजारचे निम्मे ३१ हजार, त्यातनं गाडीचे ९,४०० गेले, उरले २१,६००. भागिले ८६८, म्हणजे पावणेपंचवीस लाखाच्या आसपास. फ्लॅटला कमी पडतात.

आता गंमत बघा. तुम्ही लिहिलंय की गाडीचे २ लाख १० हजार बाकी आहेत. ते आधी फेडून टाका. मग पूर्ण ३१ हजार मोकळे, पात्रता जाते साडेपस्तीस लाखावर. म्हणजे २ लाख भरून जवळजवळ ११ लाखाची पात्रता सुटते. लोक इकडे सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचा स्कोअर) कसा वाढवायचा म्हणून व्हिडिओ बघत बसतात आणि छोटे हप्ते तसेच चालू ठेवतात, मोबाईलचा हप्ता, फ्रिजचा हप्ता, कुठल्यातरी अॅपवरचं २० हजाराचं कर्ज. बँकेला ते सगळं दिसतं. फेडल्यावर नुसतं बसू नका, नो ड्यूज (काही बाकी नाही असा दाखला) घ्या आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये ते खातं क्लोज्ड दिसतंय का बघा. २०२५ च्या जानेवारीपासून बँकांना ही माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे पूर्वीसारखं दोन-दोन महिने ताटकळावं लागू नये. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, पैसे भरून घेऊ नका.

३० लाख घेतले तर हप्ता २६ हजार ३५ च्या आसपास. ६२ हजारात बसतो, पण मिसेसना चिपळूणात नोकरी लागेपर्यंत ओढाताण होईल हे मनात धरा. मुलांची फी, गावची आई, सगळं आहेच.

तुमच्या खिशातनं किती जाणार तेही बघा. ३८ मधनं ३० गेले, ८ लाख तुमचे. स्टॅम्प ड्युटी पाच-सहा टक्क्यांच्या घरात धरा, रजिस्ट्रेशन १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, वकील, व्हॅल्युएशन, प्रोसेसिंग, आणि बँकेकडे कागद ठेवल्यावर ३० दिवसात जी नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारदरबारी नोंद) फाइल करायची असते तिचा खर्च. सगळं मिळून ११ लाख तयार हवेत. घर फक्त मिसेसच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, म्हणजे ३८ हजार वाचले. पण दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही, आणि त्यांच्या एकटीच्या नावावर असलं तरी कर्जात तुम्ही दोघे हवेच, कारण पगार तुमचा आणि मालकी त्यांची. हे आधी ठरवा, अॅग्रीमेंट टाइप झाल्यावर नाही.

प्रोबेशनचं भूत फार मोठं केलं जातं. सात वर्षं एका कंपनीत काढलेला माणूस त्याच लाइनीत दुसरीकडे गेला तर बँकेला त्याचं काही वाटत नाही. खुपते ती मधली फट आणि लाइन बदल. जुनी नोकरी मार्चअखेर सुटली आणि नवीन मे मध्ये लागली तर विचारणारच, मग त्याचं उत्तर कागदावर द्यावं लागतं. रिलीव्हिंग लेटर हातात घेतल्याशिवाय ठाणं सोडू नका, नंतर एचआर फोन उचलत नाही हा सगळ्यांचा अनुभव आहे. पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा नंबर) तोच ठेवा, नवीन काढू देऊ नका, त्यात जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख आणि नवीन कंपनीची लागल्याची तारीख नीट पडली पाहिजे, कारण आजकाल पीएफचं पासबुक बघूनच नोकरीचा सगळा इतिहास कळतो.

लोट्याच्या बाबतीत एक खास गोष्ट, ही बाहेरचे सांगणार नाहीत. तुमचा पगार कोण देणार ते ऑफर लेटरवर बघा. गेटवर मोठ्या कंपनीची पाटी, आणि बँक स्टेटमेंटमध्ये पगार येतो कॉन्ट्रॅक्टरच्या खात्यातनं, अशी कितीतरी मुलं आहेत. कंपनीच्या पेरोलवर असलात तर एक न्याय, कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर असलात तर दुसरा, मग काही बँका हातच लावत नाहीत. दुसरं म्हणजे शिफ्ट अलाउन्स आणि ओव्हरटाइम. हातात ६२ पडतात पण त्यातले दहा हजार ओव्हरटाइमचे असतील तर बँक ते पूर्ण धरणार नाही, सहा महिन्यांची सरासरी काढून त्यातला काही भाग धरेल किंवा धरणारच नाही. तसं असेल तर वरचा हिशोब ६२ ने नाही, ५२ ने करा, आणि ५२ चे निम्मे २६ हजार, म्हणजे ३० लाखाला काठावर.

कागद कुठले लागतील ते तुम्हाला कुठेही मिळेल, दोन वर्षांचे फॉर्म १६, स्टेटमेंट, जुन्या-नव्या कंपनीची लेटरं. त्यात मी वेळ घालवत नाही. पगाराचं खातं मात्र रुजू झाल्यापासून एकच ठेवा. आणि जागा चिपळूणची आहे तर फाइल चिपळूणलाच टाका. ठाण्याच्या शाखेत टाकली तरी वकील आणि व्हॅल्युअर इकडचेच लागणार, मग ठाण्याचा ऑफिसर चिपळूणच्या वकिलाला फोन करत बसतो आणि सातबाऱ्यावरची नोंद त्याला कळतही नाही, नुसते क्वेरीवर क्वेरी.

आता कागदांकडे येते, खरं काम इथे आहे.

फ्लॅट असेल तर त्यातल्या त्यात सोपं. महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्ट टाकून बघा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅट असतील तर नोंदणी लागते, छोट्या बिल्डिंगला नाही लागत आणि चिपळूण-खेडात अशा छोट्या बिल्डिंगा भरपूर आहेत, तिथे नगरपरिषदेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतः बघा, झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. रेराच्या प्रोजेक्टमध्ये रजिस्टर्ड अॅग्रीमेंट करण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, कायद्यानेच. पण माझं म्हणणं त्याहूनही कमी द्या, आणि टोकनच्या पावतीवरच लिहून घ्या की कागदांमुळे बँकेने कर्ज नाकारलं तर पैसे पूर्ण परत. बिल्डर कुरकुर करेल. ज्याचे कागद साफ आहेत तो फार वेळ कुरकुरत नाही.

चिपळूणचं आणखी एक. २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको. वाशिष्ठी नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत जागा आहे की लाल पूररेषेच्या, हे नगरपरिषदेत विचारा. पार्किंगच्या खांबावर किंवा जिन्यात पाण्याची खूण अजून दिसते काही ठिकाणी, नाहीतर समोरच्या दुकानदाराला विचारा पाणी कुठवर आलं होतं, तो हाताने दाखवेल. बँक कर्ज देईलही, पण राहायचंय तुम्हाला. घराचा विमा घ्या आणि त्यात पूर कव्हर आहे ना ते वाचा. बँकवाले कर्जाबरोबर एक मोठा एकरकमी आयुर्विमा चिकटवतात आणि त्याचा प्रीमियम कर्जातच टाकतात, तो सक्तीचा नसतो, नको असेल तर स्पष्ट नाही म्हणा. टर्म इन्शुरन्स बाहेरून स्वतः घ्या, तो मात्र हवाच, विशेषतः आता कंपनीचा ग्रुप विमा बदलणार असताना.

म्हणूनच मी म्हणते एक पावसाळा भाड्याने काढा. परशुराम घाटातनं रोज लोट्याला जायचंय, जुलैत तो घाट कसा असतो आणि रात्रपाळी सुटल्यावर काय हाल होतात हे कळल्यावर कदाचित तुम्हाला खेडच्या बाजूला राहावंसं वाटेल (तिथे जगबुडी नदी आहे, ते वेगळं).

वडिलोपार्जित जागेवर घर. मनातनं हेच आहे ना तुमच्या? तुमच्या लिहिण्यावरनं दिसतंय. स्वप्न छान आहे, जांभ्याच्या चिऱ्याचं घर, पुढे खळं, मागे पाणंद. पण बँकेच्या दृष्टीने ती जागा आत्ता तुमची नाही. तुम्ही म्हणता सातबाऱ्यावर १४ नावं आहेत, आजोबांची आणि त्यांच्या भावांची सगळी पिलावळ. सामाईक जमिनीतला तुमचा हिस्सा बँक गहाण घेत नाही, कारण उद्या विकायची वेळ आली तर विकणार कुठला तुकडा? त्यासाठी वाटप करून स्वतंत्र सातबारा काढा, सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे होतं, नाहीतर जे काका-आत्या हक्क सोडायला तयार आहेत त्यांच्याकडनं रजिस्टर्ड हक्कसोड घ्या. त्याआधी मयत माणसांची वारस नोंद. आमच्याकडे तर पणजोबांचं नाव अजून सातबाऱ्यावर सुखाने नांदत असतं.

मग सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना. इथे मी स्वतः एकदा तोंडघशी पडलेय. नवीन होते, एका मास्तरांची फाइल पुढे ढकलली, जमीन त्यांच्याच नावाची, एनए (बिनशेती) झालेलं, सगळं छान. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने जुना फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) काढला तर जमीन कूळकायद्याने मिळालेली, ३२ ग ची, आणि तेव्हाच्या कलम ४३ प्रमाणे विक्रीला किंवा गहाणाला आधी परवानगी लागायची ती कुणी घेतलेलीच नाही. मास्तरांनी चिरे आणून टाकले होते अंगणात. चार महिने ते चिरे तसेच पडून होते, शेवाळ धरलं त्यांना. तेव्हापासून मी सातबारा उलटा वाचते, आधी इतर हक्क आणि मग नावं. तुमच्याकडेही कूळ, खाजगी वन, असलं काही लिहिलंय का बघा, आणि खाडीला लागून असेल तर सीआरझेडचा (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध) प्रश्न येतो, तिथे ग्रामपंचायतीच्या नुसत्या दाखल्यावर बँक पैसे सोडत नाही.

बिनशेतीचं काय तेही बघा. गावठाणापासून २०० मीटरच्या आत जागा असेल तर तुलनेने सोपं जातं, पण आपल्याकडे वाड्या विखुरलेल्या, कित्येक गावांना आखलेलं गावठाणच नाही, त्यामुळे तलाठ्याला विचारूनच पुढे जा. आणि रस्ता. व्हॅल्युअर पहिला प्रश्न विचारतो, गाडी जाते का? शेजाऱ्याच्या गडग्याला धरून पायवाट आहे आणि आजवर कुणी अडवलं नाही, हे बँकेला चालत नाही.

बांधकामाचं कर्ज टप्प्याटप्प्याने येतं, जोतं, लिंटल, स्लॅब, फिनिशिंग, आणि प्रत्येक टप्प्याला आधी तुमचे पैसे लागतात मग बँकेचे. जून ते सप्टेंबर काम बंद, चिऱ्याच्या खाणीही बंद, आणि तोपर्यंत उचललेल्या रकमेचं व्याज भरत राहायचं, शिवाय भाडं. नव्या नोकरीच्या पहिल्याच वर्षात हे झेपणारं नाही असं मला वाटतं. फ्लॅट घ्या किंवा भाड्याने रहा, पण जागेचे कागद आत्तापासून चालू करा, तीन-चार वर्षांनी बांधा.

कोणाकडनं कर्ज घ्यावं यावर फार बोलत नाही. बँकेचं फ्लोटिंग कर्ज ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेलं असतं, दर खाली आला तर तुमचाही येतो. हाउसिंग फायनान्सवाले नवीन नोकरीला पटकन हो म्हणतात पण दर चढा लावतात. स्लिपा कमी म्हणून त्यांच्याकडे जावंच लागलं तर जा, फ्लोटिंग कर्ज मुदतीआधी फेडायला वैयक्तिक कर्जदाराला दंड नाही, वर्षाने बँकेत फिरवता येतं. फक्त फिरवताना प्रोसेसिंग, वकील, इंटिमेशन सगळं परत भरावं लागतं. अर्ध्या टक्क्याने कमी मिळत असेल तर करा, दोन आण्यांसाठी नको. एकदम पाच ठिकाणी अर्ज मात्र टाकू नका, रिपोर्टमध्ये प्रत्येक चौकशीची नोंद पडते. आणि सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट मागून घ्या, त्यात सगळे चार्जेस धरून खरा दर लिहिलेला असतो, ते द्यायलाच लागतं त्यांना.

आता या आठवड्यात काय कराल? महाभूमीवरनं १५ रुपयात डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि इतर हक्काच्या रकान्याचा फोटो मला पाठवा, गाडीच्या कर्जाचं फोरक्लोजर लेटर (आत्ता पूर्ण फेडायला किती लागतील ते पत्र) मागवा, आणि नव्या कंपनीच्या एचआरला एवढंच विचारा की पगार कुठल्या नावाने जमा होणार. चौदा जणांच्या सह्यांची काळजी आत्ता नको. मुंबईतले सगळे गणपतीला येतीलच ना गावी? मसुदा आधी तयार ठेवा, दुय्यम निबंधकाकडे वेळ आधीच घेऊन ठेवा कारण त्या आठवड्यात सुट्ट्या येतात आणि बाकी दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि विषय आरतीनंतर काढा, जेवणाआधी नको. गौरी विसर्जन झालं की पुढच्या गाडीने सगळे परत जातात, मग एकेकाच्या सहीसाठी विरार ते डोंबिवली तुम्हालाच फिरावं लागेल.